‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ : गंगाजळी कुणाच्या घरात, कुणासाठी?

परकीय गंगाजळीचा आकडा दर आठवड्याला जाहीर होतो. वाढला की आपण सुखावतो, घसरला की मथळे होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ७०० अब्ज डॉलरच्या वर गेला, तेव्हा बरंच कौतुक झालं. पण हा पैसा येतो कुठून, असतो कुठे आणि कुणासाठी, हे आपण क्वचितच विचारतो. हे प्रश्न रोखठोकपणे मांडणारं एक पुस्तक १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’.

या पुस्तकाचं नाव आपण जयंतीच्या भाषणांत घेतो. ‘यातूनच रिझर्व्ह बँक जन्मली’ असं म्हणतो आणि पुस्तक मिटलेलंच राहतं. बँकेची शिफारस हिल्टन यंग आयोगाची. बाबासाहेबांनी त्या आयोगापुढे साक्ष दिली, हे खरं. पण पुस्तकाचा रोख बँक उभारण्यावर नाही. चलन वाढवण्याचा सरकारचा मनमानी अधिकार बांधून टाकावा, यावर आहे.

तेव्हाची रचना काय होती बघा. १८९३ मध्ये लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद झाल्या. रुपये पाडायचे ते फक्त सरकारने. रुपयातली चांदी स्वस्त, रुपयाचा दर जास्त; मधला नफा ‘गोल्ड स्टँडर्ड रिझर्व्ह’मध्ये जायचा. नाव सोन्याचं, पण निधीचा मोठा भाग लंडनमध्ये, स्टर्लिंगच्या कर्जरोख्यांत. केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात या पद्धतीची भलामण केली. सोनं खिशात खेळवायची गरज काय, परदेशी देणी भागवण्यापुरता साठा हाताशी असला की झालं, असा त्यांचा युक्तिवाद. १९०७-०८ च्या संकटात लंडनवरच्या हुंड्या विकून विनिमय दर सांभाळला गेला, हा त्यांच्या बाजूचा पुरावा.

बाबासाहेब नेमकं इथे बोट ठेवतात. हा निधी वाढतो कसा? नवे रुपये पाडले तरच. म्हणजे साठा आणि देणं एकाच नाळेने बांधलेले. ज्या क्रियेने तिजोरी भरते, त्याच क्रियेने रुपयाची खरेदीशक्ती पातळ होते. आणि १९२० मध्ये दोन शिलिंगांचा दर टिकवायला सरकारने हुंड्या विकल्या, तरी दर टिकला नाही. आमच्या मते पुस्तकातला हा सर्वांत भक्कम धागा आहे. दुसरा धागा मजुरांचा. रुपया घसरला की निर्यातदार खूश होतो. पण किमती आधी वाढतात आणि मजुरी मागून रखडत येते. निर्यातदाराचा नफा मजुराच्या ताटातून जातो, हे त्यांनी दाखवलं.

आता उणीव. निदान अचूक असलं, तरी औषध जहाल आहे. रुपयांची संख्या कायमची बांधायची आणि वाढीव गरज सोन्याच्या नाण्यांनी भागवायची, हा त्यांचा उपाय. पण सोनं आलं नाही तर? किमती उतरतात, कर्जाचा बोजा मात्र तेवढाच राहतो. अशा वेळी मजुरी टिकली तरी काम टिकत नाही आणि शेतकरी सावकाराच्या दारात जातो. पुढे महामंदीत सोन्याला चिकटलेल्या देशांनी हे भोगलं. १९३१ मध्ये खुद्द ब्रिटननेच सुवर्णपरिमाण सोडलं. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनीही आपले मतभेद तिथेच नोंदवले होते. गुरूने नोंदवले, तर आपणही संकोच करू नये. आदराने वाचणं म्हणजे मान डोलावत वाचणं नव्हे.

मग आज हे पुस्तक कशाला वाचायचं? कारण ती नाळ तुटलेली नाही. रिझर्व्ह बँक बाजारातून डॉलर घेते, तेव्हा बदल्यात रुपये देते. ते जादा रुपये परत शोषून घ्यायला रोखे विकावे लागतात. २००४ ची बाजार स्थिरीकरण योजना त्यासाठीच आली. त्या रोख्यांवर आपण व्याज देतो आणि आपले डॉलर परदेशी रोख्यांत कमी व्याजावर पडून राहतात. हा विम्याचा हप्ता आहे म्हणा. १९९१ मध्ये आयातीसाठी जेमतेम काही आठवड्यांचं परकीय चलन उरलं आणि सोनं परदेशात गहाण टाकावं लागलं. त्यानंतर हा हप्ता फुकट गेला असं कुणी म्हणणार नाही.

पण विमा परक्याच्या घरात आहे, हेही विसरता येत नाही. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर पाश्चात्त्य देशांनी गोठवले. युद्धाचा निषेध करूनही एक गोष्ट उरतेच : गंगाजळी आपली असली, तरी किल्ली दुसऱ्याकडे असू शकते.

म्हणून पुढच्या वेळी आकडा वाढल्याची बातमी आली, तर टाळी वाजवण्याआधी एवढं विचारू या : हा साठा निर्यातीच्या कमाईतून आला की उसन्या, कधीही परत फिरणाऱ्या भांडवलातून? आणि तो सांभाळण्याचा हप्ता कोण भरतंय? बाबासाहेबांचं उत्तर आपल्याला पटो न पटो, प्रश्न त्यांचाच आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.