सावलीची नुकसानभरपाई

युरोपात 'अर्ली म्युझिक' नावाचा एक प्रतिष्ठित प्रांत आहे. मध्ययुगापासून साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे जुने संगीत, त्या काळच्या वाद्यांवर आणि त्या काळच्या रीतीने वाजवण्याचा हा खटाटोप. त्याला मोठे केले ते रेडिओने. बीबीसीचा 'थर्ड प्रोग्रॅम' २९ सप्टेंबर १९४६ रोजी सुरू झाला आणि तिकिटाच्या पैशांवर जे संगीत कधीच तगले नसते, त्याला हक्काची वेळ मिळाली. आज रेडिओ थ्रीवर 'द अर्ली म्युझिक शो' असतो. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या केंद्रावरून १९९१ पासून 'हार्मोनिया' हा कार्यक्रम चालतो. त्यांचे मागचे कार्यक्रम आता इंटरनेटवर शोधता येतात.

या सगळ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. जुने काय आणि जुनाट काय, जपायचे काय आणि विसरायचे काय, हे कोण ठरवतो, हा प्रश्न फक्त लंडनचा नाही. तो आपल्या वस्तीचाही आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या संगीताला आज रेडिओवर इतक्या अदबीने सादर केले जाते, त्याचे वाजवणारे एके काळी समाजाच्या उंबऱ्याबाहेरचे होते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आयके फॉन रेपगॉव्ह याने 'झाक्सनश्पीगेल' हा जर्मन कायद्याचा ग्रंथ लिहिला. त्यात भटक्या वादकांना हक्कहीनांच्या यादीत बसवले आहे. कोणी वादकाचा अपराध केला, तर त्याला नुकसानभरपाई काय? माणसाची सावली! जिवंत माणसाच्या अपमानाची किंमत म्हणून दुसऱ्याची सावली. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये बाबासाहेबांनी पेशवाईतल्या सावलीच्या विटाळाविषयी लिहिले आहे. तिथे सावली भरपाई म्हणून दिली, इथे सावलीच गुन्हा ठरवली. दोन्ही समाजव्यवस्था एक नव्हेत, आणि तसे म्हणणे अभ्यासाला धरून होणार नाही. तिकडचा अप्रतिष्ठित वादक पुढे नगराचा पगारी वादक होऊ शकला; आपल्याकडे जन्माने लागलेले काम जन्मभर सुटले नाही. पण वाद्य हवे आणि वाजवणारा नको, ही वृत्ती मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते.

आता डेव्हिड मन्रोचे उदाहरण घेऊ. हा इंग्रज तरुण १९६० साली पेरूमध्ये शिकवायला गेला आणि येताना दक्षिण अमेरिकेतल्या सामान्य लोकांच्या बासऱ्या घेऊन आला. लोकांची चालती वाद्ये आणि युरोपची मेलेली वाद्ये एकमेकांची भावंडे आहेत, हे त्याने ओळखले. १९७१ ते १९७६ या काळात रेडिओ थ्रीवर त्याने 'पाइड पायपर' हा कार्यक्रम केला. त्याचे ६५५ भाग झाले. कार्यक्रम मुलांसाठी होता, पण मोठी माणसेही तो ऐकत. १९७६ साली वयाच्या ३३ व्या वर्षी मन्रोने आत्महत्या केली. त्याचे मोठेपण असे की, संगीताचे दार उघडताना त्याने ऐकणाऱ्याची लायकी विचारली नाही. आपल्याकडच्या किती संगीत-समीक्षकांविषयी असे म्हणता येईल?

मन्रो वाजवत असलेल्या वाद्यांत 'शॉम' होते. दुहेरी पात्याचे, खणखणीत आवाजाचे, उघड्यावर वाजवायचे. मध्ययुगातल्या तालवाद्यांत 'नेकर्स' होते. हा शब्द अरबी 'नक्कारा'वरून युरोपात गेला, आणि आपला नगाराही त्याच घरचा. मी वर्गात एकदा शॉमचे ध्वनिमुद्रण लावले. मुले एकदम म्हणाली, "सर, ही तर सनई!" एक मुलगा मात्र काही बोलला नाही. त्याच्या घरी सनई आहे. लग्नसराईत त्याचे वडील आणि चुलते सुपारी घेऊन जातात, मांडवाबाहेर बसून वाजवतात आणि पंगती उठल्यावर जेवतात. हे त्याने वर्गाला सांगितलेले नव्हते, मला सांगितले होते. सभागृहात शॉम वाजली की तो वारसा होतो आणि मांडवाबाहेर सनई वाजली की ती जात होते. त्या मुलाच्या गप्प राहण्याचे उत्तर कोणत्या संगीतशास्त्रात आहे?

अर्ली म्युझिकच्या चळवळीची खरी मर्यादा इथेच आहे. ती लिहिलेल्या कागदावर उभी आहे. ज्याची स्वरलिपी उरली, ते संगीत उरले. जॉन ब्लँक नावाचा एक काळा तुतारीवाला सातवा हेन्री आणि आठवा हेन्री यांच्या दरबारी होता. १५११ च्या वेस्टमिन्स्टर स्पर्धेच्या चित्रपटात डोक्याला फेटा बांधलेला, घोड्यावर बसलेला तो दोनदा दिसतो. त्याला दिवसाला ८ पेन्स मिळत. त्याने राजाकडे अर्ज केला आणि १६ पेन्स करून घेतले. त्याचा पगार आपल्याला माहीत आहे, चेहरा माहीत आहे. पण त्याने काय वाजवले ते नाही. तुतारीवाले ऐकून शिकत आणि आठवणीने वाजवत. म्हणून ट्यूडर काळावरच्या कार्यक्रमात दरबारी रचनाकार ऐकू येतात आणि ब्लँक फक्त निवेदनात येतो. आणि कागद असला म्हणजे न्याय मिळतोच असेही नाही. विसेंते लुझितानो या पोर्तुगीज रचनाकाराचे पुस्तक १५५१ साली रोममध्ये छापले गेले होते. नंतरच्या एका हस्तलिखितात त्याला 'पार्दो', म्हणजे मिश्र वंशाचा, म्हटले आहे. त्याच्या रचना गायकांच्या आणि श्रोत्यांच्या कानी खऱ्या अर्थाने पडू लागल्या त्या अलीकडच्या काही वर्षांत. कागद होता, तो उघडण्याची गरज मात्र कोणाला वाटली नव्हती.

आता मागचे कार्यक्रम शोधण्याचा मुद्दा. २०१४ साली बीबीसीने 'जिनोम' नावाचा संग्रह खुला केला. 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकात १९२३ ते २००९ या काळात छापलेल्या ४० लाखांहून अधिक कार्यक्रमांच्या नोंदी त्यात आहेत. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण गायले ते सापडते. आवाज बहुतेक वेळा सापडत नाही, कारण सुरुवातीचे प्रसारण थेट होते आणि पुढेही सगळे जपले गेले नाही. आजचे बहुतेक कार्यक्रमही ३० दिवसांनी ऐकण्यातून जातात. आणि २०२५ मध्ये बीबीसीने परदेशी श्रोत्यांसाठी 'साउंड्स' सेवाच बंद केली. 'हार्मोनिया' मात्र आपल्या भागांचे निवेदन आणि रचनांची यादी लिहून ठेवते. म्हणजे आवाज नाहीसा झाला तरी नोंदीच्या आधारे माग काढता येतो. यातला धडा साधा आहे: ज्याची नोंद झाली तोच शोधता येतो.

आपल्याकडे नभोवाणीने काय केले? १९४० साली तिने हार्मोनियमला हद्दपार केले, आणि ही बंदी पुढे अनेक वर्षे टिकली. शास्त्राच्या नावाखाली जिला बाहेर काढले, ती पेटी कीर्तनाची आणि जलशाची रोजची सोबतीण होती. १९५२ साली नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी चित्रपटसंगीतावर गदा आणली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर १९५७ साली विविध भारती काढावी लागली. लोकांच्या कानांवर संस्कार करायला निघालेल्यांना लोकांनी दिलेले हे उत्तर होते. पण सिनेमाच्या गाण्यामागे बाजार होता, म्हणून त्याला परतता आले. हलगीमागे आणि जलशामागे कोणता बाजार होता? त्यांच्या वाट्याला 'लोकसंगीत' हा एक कप्पा आला. शास्त्रीय गायकाचे घराणे सांगायचे, गुरू सांगायचा. हलगीवाल्याचा फक्त जिल्हा सांगायचा! कप्प्याला नाव असते, कप्प्यातल्या माणसाला नसते.

१९५५ साली बीबीसीने घेतलेल्या मुलाखतीतला बाबासाहेबांचा आवाज आज कोणत्याही विद्यार्थ्याला फोनवर ऐकता येतो. तो जपला गेला म्हणून हे शक्य झाले. पण बाबासाहेबांचा विचार ज्यांनी पायी गावोगाव नेला, कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र जागवली, त्या जलसाकारांच्या आवाजाचे काय? भीमराव कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिले, म्हणून निदान शब्द उरले. पुस्तकात चाल उतरत नाही. जुन्या कॅसेटी अजून घरोघरी आहेत. त्यांना बुरशी लागते आहे. इंटरनेटवर भीमगीते अमाप आहेत, पण बहुतेकांखाली कवी नाही, गायक नाही, साल नाही, गाव नाही. हाक मारायला नाव नसलेला आवाज हा पुन्हा सावलीच होय.

युरोपीय चळवळीकडून आपण तिचा अभिजातपणाचा तोरा घेऊ नये. तिची चिकाटी मात्र घ्यावी. पाचशे वर्षांपूर्वीची तुतारी कशी वाजत असेल म्हणून तिथली माणसे आयुष्य घालवतात. आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीचा जलसा पाहिलेली माणसे अजून हयात आहेत आणि त्यांना विचारायला कोणी जात नाही. आकाशवाणीच्या संग्रहाची यादी व्यक्तीच्या नावानिशी, वाद्यानिशी, गावानिशी खुली व्हावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. पण मागणीवर थांबू नये. महाविद्यालयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतल्या एका गायकाचे, एका वादकाचे गाणे मुद्रित करावे. त्याचे नाव, त्याच्या उस्तादाचे नाव, चाल कोणाची, पहिल्यांदा कधी गायली, हे त्याच्याच तोंडून लिहून घ्यावे. ज्याला जातीचा उल्लेख नको असेल त्याचा तो केला जाऊ नये. ज्याला तो अभिमानाने करायचा असेल त्याचा तो गाळू नये.

वर्गातला तो गप्प राहिलेला मुलगा आता वडिलांच्या सनईच्या चाली मुद्रित करतो आहे. पहिल्याच नोंदीत त्याने वडिलांचे पूर्ण नाव लिहिले. आपल्या माणसांना सावलीची भरपाई पुरे झाली, आता त्यांची नावे हवीत.