‘ट्राय’, ‘मिरु’ आणि आपलं ‘बघणं’

मराठी माणूस जपानीकडे बहुधा इंग्रजीच्या वाटेने जातो. पाठ्यपुस्तकातले अर्थ इंग्रजीत, कोश इंग्रजी-जपानी. पुण्यासारख्या, जपानी शिकणाऱ्यांच्या शहरातही हेच चित्र. या वळशात आपण काय गमावतो, हे ‘ट्राय’ या एका क्रियापदावरून मला दाखवायचं आहे.

‘ट्राय’चे अर्थ जपानीत वेगवेगळ्या घरी राहतात. पदार्थ चाखायचा तर ‘ताबेते मिरु’. दार उघडू पाहिलं, पण जमलं नाही, तर ‘आकेयो तो शिता’. रोज लवकर येण्याचा प्रयत्न ठेवायचा तर ‘हायाकु कुरु यो नि सुरु’. औषधाचा गुण किंवा स्वतःची ताकद अजमावायची तर ‘तामेसु’. न्यायालयात खटला चालवून निवाडा करायचा तर ‘साबाकु’. इंग्रजी अर्थ पाठ केलेला विद्यार्थी पहिल्या तिघांत हमखास गोंधळतो, कारण तिन्हींपुढे त्याने ‘ट्राय’च लिहिलेलं असतं.

आता हेच मराठीत मांडून पाहू. ‘ताबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन बघणं’. ‘ताबेते’ म्हणजे ‘खाऊन’ आणि ‘मिरु’ म्हणजे ‘बघणं’. शब्दाला शब्द, क्रमही तोच. ‘आकेयो तो शितारा’ म्हणजे ‘उघडायला गेलो तर’. ‘कुरु यो नि सुरु’ला ‘यायचं बघतो’ बरंच जवळचं. तीन अर्थांना तीन रचना आपल्या तोंडात आधीपासूनच आहेत. त्या वर्गात कुणी विचारत नाही, एवढंच.

हे साम्य मराठीपुरतं नाही. हिंदीत ‘खाकर देखो’, तमिळमध्ये ‘साप्पिट्टु पार’. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या ‘डिफायनिंग अ लिंग्विस्टिक एरिया’ या ग्रंथात धातुसाधित अव्ययं आणि संयुक्त क्रियापदं यांचा माग भारताबाहेर आशियाभर काढला. भाषाकुळं वेगळी असूनही घडण जुळते, ती अशी.

मात्र साम्याच्या आहारी जाऊ नये. ‘खूप उघडून पाहिलं, पण उघडेना’ हे मराठीत सहज चालतं. जपानीत ‘आकेते मिता’ म्हटलं की दार उघडलं, असंच ऐकणारा सहसा धरतो. न उघडलेल्या दारासाठी ‘आकेयो तो शिता’च स्वाभाविक. म्हणजे आपलं ‘बघणं’ फसलेला प्रयत्नही पोटात घेतं, ‘मिरु’ कृती घडल्याचं गृहीत धरतं. हा भेद इंग्रजीतून दिसत नाही. दोन ‘बघणी’ शेजारी ठेवली तरच दिसतो.

म्हणून माझी तक्रार इंग्रजीवर नाही, तिला एकमेव गाळणी मानण्यावर आहे. जपानच्या राष्ट्रीय भाषासंशोधन संस्थेत प्रशांत परदेशी यांच्या पुढाकाराने मूलभूत जपानी क्रियापदांचा कोश तयार झाला. त्यात एकेका क्रियापदाचे अर्थ उदाहरणांसह उलगडलेले आहेत. मराठी माणसाच्या हातून जपानी क्रियापदांचं इतकं काम होत असताना आपले वर्ग मात्र वहीच्या समासात ‘ट्राय’ लिहून पुढे सरकतात. त्या समासात उद्यापासून मराठी वाक्य लिहावं, आणि ते जिथे जुळत नाही तिथे ठळक खूण करावी. खरा अभ्यास त्या खुणांपाशी सुरू होईल.