पुढे ढकललेले वाङ्मय

कथा, कविता, कादंबरी यांवर आपल्या समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली. पण जे वाङ्मय मी रोज सकाळी चहाबरोबर घेतो, त्या 'फॉरवर्ड'कडे कोणी ढुंकून पाहिले नाही. ती उणीव आज मीच भरून काढतो. माझा अधिकार विचाराल, तर आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकोणचाळीस माणसे आहेत. त्यांतली अडतीस नुसती पाठवतात. वाचणारा मी एकटा!

हे वाङ्मय तसे जुनेच. पूर्वी ते पोस्टकार्डावर येई. 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, न पाठवल्यास नुकसान होईल!' पण कार्डाला पंधरा पैसे पडत, शिवाय सगळे हाताने लिहायचे. पाचव्या कार्डाला मनगट दुखू लागे आणि देवीचा कोप परवडला असे वाटे. आमच्या त्या आळसाने समाजाचे केवढे रक्षण केले! आता अंगठा दुखत नाही.

या वाङ्मयाला लेखक नसतो, पण थाट सरकारी असतो. 'युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले' हा त्यातला अभिजात नमुना. युनेस्कोने असे कधीच ठरवलेले नाही. मी तात्यांना तसे सांगितले.

"अरे, खोटं असलं म्हणून काय झालं? चांगलंच आहे ना!" तात्या म्हणाले.

मी हसलो. तेव्हा सगळ्याच फॉरवर्डना मी हसत असे.

मग 2018 चा उन्हाळा आला. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारे पोर उचलून नेतात, अशी चित्रफीत देशभर फिरत होती. मूळ फीत कराचीतली, पालकांनी सावध राहावे म्हणून केलेली. तिच्यात शेवटी ते पोर सुखरूप परत आणून देतात. तेवढे शेवटचे कोणीतरी कापले होते. मीही ती पुढे पाठवली. 'खबरदारी म्हणून.'

1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, भर आठवडी बाजारात, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. माझा निरोप तिथवर गेला नसेल. पण तशाच निरोपांनी ती भीती गावोगाव नेली होती, आणि त्यांतला एक माझ्या अंगठ्याने गेला होता.

त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. 2020 मध्ये, फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी, असे केले. म्हणजे आमचे दुखरे मनगट आता यंत्राला बसवले आहे. अंगठ्याचे मात्र ज्याचे त्यानेच पाहायचे.

हल्ली मी प्रत्येक निरोपाखाली नम्रपणे विचारतो, "तात्या, हे कोणी लिहिलंय?" ग्रुपवर माझे नाव 'शंकासुर' पडले आहे. पडू दे. परवा मात्र तात्यांनी एक निरोप पाठवून दोन मिनिटांत स्वतःच पुसला.

एवढे यश कोणत्या समीक्षकाला मिळते?