शब्दांचे कूळ आणि शब्दांचे मोल

इंग्रजी शब्दांच्या व वाक्प्रचारांच्या जन्मकथा सांगणारी सदरे आणि पुस्तके मराठी वाचकाला नेहमीच प्रिय वाटत आली आहेत. त्यांतून करमणूक होते, क्वचित ज्ञानही मिळते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तथापि अशा लेखनात दोन दोष वारंवार आढळतात. कथा गोड आहे म्हणून ती खरी मानली जाते, हा पहिला. शब्दाचा आरंभीचा अर्थ हाच त्याचा खरा अर्थ होय, असे समजणे हा दुसरा.

पहिल्याचे ठळक उदाहरण म्हणजे 'पॉश' हा शब्द. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली घेतली की ऊन टळत असे; श्रीमंत उतारूंच्या तिकिटांवर तशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे छापलेली असत व त्यांतून 'पॉश' जन्मला, अशी ही कथा. परंतु तसे छापलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. कथा देखणी खरी, पण पुरावा शून्य.

याउलट हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांचा १८८६ सालचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश पाहावा. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांच्या तोंडी जे झाले, तेच या कोशाचे नाव. आपले 'मुंगूस' इंग्रजीत 'मंगूस' होऊन बसले, यासारख्या गोष्टी हा कोश जुन्या प्रवासवर्णनांतील सालवार उताऱ्यांच्या आधारे मांडतो. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशाची शिस्तही हीच. शब्द प्रथम कोठे आढळला, कोणत्या अर्थाने आढळला, हे दाखवावे आणि मगच बोलावे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. 'नाइस' हा शब्द लॅटिनमधील 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून आला. इंग्रजीत तो आधी मूर्खाला लागू होता, पुढे चोखंदळाला लागला आणि अठराव्या शतकात सुखद गोष्टींचे विशेषण झाला. 'सिली'चा प्रवास याच्या नेमका उलट. त्याचा पूर्वज सुखी, धन्य अशा माणसाचे वर्णन करी. धन्याचा निष्पाप झाला, निष्पापाचा दीनवाणा आणि शेवटी खुळा. एक शब्द चढला, दुसरा उतरला. म्हणून आज कोणाला 'नाइस' म्हटल्याने त्याचा अपमान होत नाही. अर्थ ठरतो तो वापरणाऱ्यांच्या जिभेवर, जन्मपत्रिकेत नव्हे.

मग कूळ शोधायचे कशासाठी? वाटेत काय गळून पडले ते कळावे म्हणून, असे आमचे उत्तर आहे. 'बीड' म्हणजे मणी; परंतु या शब्दाचा मूळ अर्थ प्रार्थना. जपमाळेवर प्रार्थना मोजता मोजता प्रार्थनेचे नाव मण्याला चिकटले. 'टॅलंट' हे प्राचीन काळी वजनाचे व त्या वजनाच्या धनाचे माप होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दाखल्यामुळे त्याला अंगच्या गुणांचा अर्थ आला. त्या दाखल्यात धन धन्याचे आहे व त्याचा हिशेब द्यावयाचा आहे. आज गुणवत्तेच्या स्पर्धा भरतात, त्यांत हा हिशेब कोणी मागत नाही.

शब्दांचा हा वाद नेहमीच निरुपद्रवी नसतो. विल्यम टिंडल याने १५२६ साली नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर छापले, तेव्हा जेथे 'चॅरिटी' अपेक्षित होते तेथे त्याने 'लव्ह' हा शब्द योजला व 'चर्च'च्या जागी 'काँग्रिगेशन'. सर थॉमस मोर यांनी १५२९ साली याच शब्दांवरून त्याच्यावर कडाडून टीका केली. शब्द बदलला की शिकवण बदलते, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते. मोर यांचा १५३५ साली शिरच्छेद झाला. टिंडलला १५३६ साली गळा आवळून जाळण्यात आले. पुढे 'चॅरिटी' हा शब्द दानधर्मापुरता आकसला आणि १८८१ सालच्या सुधारित इंग्रजी भाषांतराने प्रेमाच्या त्या प्रसिद्ध अध्यायात 'लव्ह' हाच शब्द घेतला. काळाने दोघांच्याही शब्दांची परीक्षा पाहिली.

टिंडलचाच आणखी एक शब्द मराठी लेखकांनी विचारात घ्यावा असा आहे. १५३० सालच्या भाषांतरात त्याने 'स्केपगोट' हा शब्द घडविला. आपण त्याला सर्रास 'बळीचा बकरा' म्हणतो. परंतु लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात बोकड दोन आहेत. चिठ्ठ्या टाकून एकाचा बळी दिला जातो. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून लोकांची पापे त्याच्यावर लादली जातात आणि त्याला जिवंत रानात सोडले जाते. 'स्केपगोट' तो हा दुसरा. आपला प्रतिशब्द नेमका पहिल्या बोकडाचा आहे!

हा केवळ कोशातला काथ्याकूट नव्हे. बळी गेलेल्याचे दुःख सुरीपाशी संपते. दुसऱ्यांचे पाप वाहून नेणाऱ्याला ते रानात घेऊन जगावे लागते. गावाचा दोष एकाच्या माथी मारून त्याला वेशीबाहेर काढण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. तिच्यासाठी मराठीत 'वाळीत टाकणे' हा शब्दप्रयोग आहे आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली कायदा करावा लागला. 'बळीचा बकरा' आता रूढ झाला आहे, तो हद्दपार करा असे आम्ही म्हणणार नाही. तसे करणे आमच्याच वरील विवेचनाशी विसंगत ठरेल. मात्र अनुवाद करताना आपल्यासमोर कोणता बोकड उभा आहे, हे पाहून शब्द निवडावा, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

शब्दकथा लिहिणाऱ्यांकडूनही आमचे मागणे असेच माफक आहे. कथा सांगावी, पण तिचा आधार सांगावा. मूळ दाखवावे, पण तेथून आजपर्यंतची वाटही दाखवावी. अशी चार पाने वाचकाला नुसत्या चुटक्यांच्या चाळीस पानांहून अधिक देतील, याविषयी आम्हांस शंका नाही.