चौकटीचा कायदा

छापील ग्रंथावर अभिप्राय लिहिताना मजकुराची चिकित्सा करावी, मुखपृष्ठासाठी एखादे वाक्य खर्ची घालावे आणि शेवटी ‘छपाई सुबक आहे’ असे म्हणून मोकळे व्हावे, असा आपल्याकडील टीकाकारांचा प्रघात आहे. पानावर अक्षरे कोण बसवतो आणि कोणत्या नियमाने बसवतो, हा प्रश्न टीकेच्या कक्षेत सहसा येतच नाही. शिशाचे खिळे जुळवणारा कंपॉझिटर होता तोवर ही उपेक्षा क्षम्य होती. त्याचा नियम त्याच्या बोटांत होता आणि चुकला तर कान धरायला माणूस समोर होता. आता पान संगणकावर जुळते. मजकूर चौकटीत मावला नाही तर काय करावे, हे त्या यंत्राला आगाऊ सांगून ठेवलेले असते. आगाऊ सांगून ठेवलेली, सर्वांना सारखी लागू होणारी आणि आपोआप अंमलात येणारी आज्ञा म्हणजे कायदाच. तेव्हा तो कोणी केला, कोणासाठी केला आणि त्यात परंतुके कोणती आहेत, हे विचारण्याचा आम्हांस व्यवसायाने तरी अधिकार पोहोचतो.

आमच्यासमोर उज्जैनच्या माधवनगरात जुळवलेली एक मंदिर-स्मरणिका आहे. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिच्यातील दोष तिच्या एकटीचे नव्हेत. असल्या स्मरणिका प्रत्येक वाचकाच्या कपाटात दोन-चार तरी सापडतील. उज्जैनचा उल्लेख मात्र मुद्दाम केला आहे. महाकालेश्वराच्या देवालयाची पुनर्बांधणी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केली, ही गोष्ट आमच्या कोंकणी वाचकांस निराळी सांगावयास नको. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी ग्वाल्हेरीस हलवली. मराठी कुटुंबे मात्र क्षिप्रेकाठी राहिली, त्यांचे उत्सव राहिले आणि उत्सवांबरोबर त्यांची छपाईही राहिली. परंतु गावचा रोजचा व्यवहार हिंदीत चालतो. छापखान्यात मराठी मजकूर येतो तो पाहुणा म्हणून, आणि त्याला यजमानाच्या मापाचा अंगरखा घालावा लागतो. स्मरणिकेतील निम्मे दोष या अंगरख्याचे आहेत.

ते कसे, हे जरा विस्ताराने सांगावे लागेल. ओळीची दोन्ही टोके समासाशी सरळ रेषेत यावीत असे ठरवले की शब्दांमधील मोकळी जागा कमीजास्त करणे भाग पडते. ‘इनडिझाइन’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत यासाठी निर्मात्याने घालून दिलेले आकडे असे: दोन शब्दांमधील अंतर नेहमीच्या अंतराच्या किमान ८० टक्के, इष्ट १०० टक्के, कमाल १३३ टक्के. अक्षरांमधील अंतर वाढवावयाचे नाही आणि अक्षराची रुंदीही बदलावयाची नाही. रोमन लिपीतील मजकुरास हे बेताचे आहे. हिंदीसही ते बरेचसे मानवते, कारण हिंदीत विभक्तीचे प्रत्यय नामापासून सुटे लिहितात. ‘मंदिर के सभागृह में’ या चार शब्दांत तीन फटी आहेत. वाढीव जागा तिघींत वाटली की कोणाच्या डोळ्यांत येत नाही. मराठीत हेच ‘मंदिराच्या सभागृहात’ असे होते. फट एकच! सगळा भार तिच्यावर पडतो. मराठी आणि कोंकणी प्रत्ययाला पोटाशी धरतात. त्यामुळे शब्द लांब आणि फटी विरळ. हिंदीसाठी आखलेल्या तीन रकान्यांच्या पानात असा मजकूर ओतला, की ओळींतून पांढरे ओहळ वाहू लागतात. स्मरणिकेतील स्थलपुराणाचा लेख असाच वाहून गेला आहे. लेख अभ्यासपूर्ण आहे. पण दुसऱ्या रकान्यात आम्ही दोनदा ओळ चुकलो.

येथे कोणी म्हणेल की कमाल मर्यादा १३३ टक्क्यांची आहे ना, मग ती ओलांडली कशी? कायद्याच्या भाषेत सांगायचे तर ही तरतूद दिसते आदेशात्मक, पण आहे निदेशात्मक. मर्यादेत ओळ बसत नसेल तर यंत्र ती मोडते आणि पुढे जाते. कोठे मोडली ते पिवळ्या रंगाने दाखवण्याची सोयही त्यात आहे. परंतु ती कोणी तरी मुद्दाम चालू करावी लागते. मर्यादाभंग झाला, त्याची नोंद झाली, आणि ती नोंद कोणी मागितलीच नाही! असले प्रकार आम्ही न्यायालयाबाहेरही बरेच पाहिले आहेत.

याहून वाईट गत एकशब्दी ओळीची. अरुंद रकान्यात ‘जीर्णोद्धारासाठीच्या’ यासारखा शब्द एकटाच ओळीवर राहिला, तर त्याचे काय करावे याचे निराळे कलम आहे. आणि निर्मात्याने त्यात आधीच घालून ठेवलेले उत्तर असे, की तो शब्द ताणून दोन्ही काठांना भिडवावा. रोमन अक्षरे मुळातच सुटी असल्याने ताणली तरी ती फार तर विद्रूप दिसतात. आपल्या अक्षरांच्या माथ्यावरून शिरोरेषा जाते. ताण दिला की ती जागोजाग तुटते आणि शब्दाचे तुकडे दोरी तुटलेल्या तोरणातील पानांसारखे लोंबू लागतात. स्मरणिकेच्या नवव्या पानावर असे तीन शब्द आहेत. त्यांना डावीकडे टेकवून उरलेली जागा मोकळी सोडण्याचा पर्याय त्याच कलमात होता.

ओळींमधील अंतराचीही हीच कथा. यंत्र ते आपणहून अक्षराच्या १२० टक्के धरते. रोमन अक्षराला ते पुरते. देवनागरी हे तीन मजली घर आहे. वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार. मध्ये अक्षराचा देह. खाली उकार आणि जोडाक्षरांची तळघरे. मजकूर बसेना म्हणून हे अंतर आणखी आवळले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. आमच्या मते देवनागरी मजकुराला दीडपटीच्या आसपास जागा द्यावी आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणत्याही स्वयंचलित नियमास असू नये.

आता देणगीदारांच्या यादीकडे वळतो. तिच्याविषयी आमची तक्रार निव्वळ सौंदर्याची नाही. यादी बहुधा ‘कोरलड्रॉ’वर केलेली दिसते. त्यात मजकूर चौकटीत बसवण्याची एक आज्ञा आहे. ती दिली की अक्षराचा आकार चौकटीच्या मापाने आपोआप ठरतो. प्रत्येक देणगीदारास सारखी चौकट दिली आहे. समतेचा भास उत्तम! परिणाम असा, की दोन अक्षरी आडनावाचा गृहस्थ ठळक बारा पॉइंटांत झळकतो आणि त्याच रकमेची देणगी कैलासवासी पतीच्या स्मरणार्थ, त्यांच्या मूळगावासह आणि कुलदेवतेच्या नावासह देणारी माउली सहा पॉइंटांत विरघळून जाते. ज्याने जास्त सांगितले त्याला कमी दाखवावे, असा हा नियम आहे. तो कोणी जाणूनबुजून केला असता तर विश्वस्तांच्या सभेत केवढा गहजब झाला असता! यंत्राने केला म्हणून तो कोणाच्या ध्यानातही आला नाही. ज्या मंडळींनी देवापुढे समान पंक्ती धरली, त्यांची छापील पंक्ती अशी वरखाली व्हावी हे आम्हांस खटकते. वस्तुतः उपाय साधा होता: सर्वांत लांब नोंद ज्या आकारात बसते तो आकार सर्वांना लावावा, किंवा अक्षर स्थिर ठेवून चौकटीची उंची वाढू द्यावी. इनडिझाइनमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून चौकट आपोआप वाढण्याची सोयही आहे.

अक्षर किती आकसावे याला कायद्यात मुळीच मर्यादा नाही असे नव्हे. वेष्टनबंद वस्तूंविषयी २०११ चे वैधमापन नियम आहेत. वेष्टनावरील सक्तीच्या मजकुराचे अक्षर किती उंच हवे हे ते सांगतातच. शिवाय, एका आकड्याचा आणि काही कृश रोमन अक्षरांचा अपवाद सोडून, अक्षराची रुंदी उंचीच्या एकतृतीयांशाहून कमी असू नये असेही बजावतात. म्हणजे नंदादीपासाठी आणलेल्या तुपाच्या डब्यावरचे अक्षर दाबून चिंचोळे करण्यास कायद्याची आडकाठी आहे. तूप देणाऱ्याचे नाव दाबण्यास नाही.

स्तोत्राच्या पानाने मात्र आमचा खरा रसभंग केला. चार ठिकाणी श्लोकाचा दंड, त्याच्या पोटातील अंकासह, पुढल्या ओळीच्या आरंभी जाऊन बसला आहे. म्हणणाऱ्याने श्वास कोठे घ्यावा? यात यंत्राचा दोष थोडा आणि जुळवणाराचा अधिक. युनिकोडच्या ओळ तोडण्याच्या नियमांत दंडापूर्वी ओळ तोडावयाची नाही असेच सांगितले आहे. परंतु आपण दंडाआधी मोकळी जागा सोडतो, आणि मोकळी जागा दिसली की यंत्र तेथे तोडण्यास मोकळे होते. ती जागा न तुटणारी घालावी, एवढेच करावयाचे असते. शिवाय ‘दुहेरी दंड, अंक, दुहेरी दंड’ हा नमुना एकदा शिकवून ठेवला, तर यंत्र सबंध पुस्तकात तो स्वतःहून ओळखते आणि अखंड राखते. स्वयंचलित नियमाचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही. शंभर श्लोकांची राखण माणसाच्या डोळ्यांनी करायची, तर त्याची चूक होणारच.

यंत्राचा आम्ही द्वेष करतो असा समज होऊ नये. डोनल्ड कनूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली परिच्छेदाच्या ओळी पाडण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात प्रत्येक ओळीच्या ताणाला दंड आकारलेला आहे. ताण दुप्पट झाला तर दंड आठपट. आणि मग एकेका ओळीचा नव्हे, तर सबंध परिच्छेदाचा एकूण दंड कमीत कमी व्हावा अशी मांडणी शोधली जाते. दहाव्या ओळीच्या सुखासाठी दुसरी ओळ मोडून पुन्हा बांधणे शिशाच्या खिळ्यांत कोणत्या कंपॉझिटरास परवडले असते? वेळेचा तगादा असताना तर मुळीच नाही. यंत्राची ही बुद्धी अस्सल आहे. प्रश्न तिला दिलेल्या आकड्यांचा आहे, आणि ते आकडे दुसऱ्या लिपीचे आहेत.

यंत्रासाठी लिपीच वाकवण्याचे प्रयोगही आपल्याकडे होऊन गेले. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली. लोकांच्या डोळ्यांना ती मानवली नाही आणि ती सोडून द्यावी लागली. आज तसे कोणी सुचवीत नाही, पण न सुचवताही तेच घडते. माधवनगरच्या या पुस्तिकेत ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची आली आहेत, कारण मजकुराची भाषा मराठी आहे हे यंत्राला कोणी सांगितलेच नाही. महाप्रसाद रांधणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार झाल्याचे वृत्त तर ‘आचार्यांचा सत्कार’ म्हणून छापले गेले आहे. आचाऱ्यांनी हरकत घेतली नसावी. कोंकणी पानांची स्थिती आणखी बिकट. कोंकणीला आठव्या अनुसूचीत १९९२ साली स्थान मिळाले. पण इनडिझाइनने २०१२ मध्ये दहा भारतीय भाषांना दार उघडले तेव्हा त्या दहांत मराठी होती, कोंकणी नव्हती.

मजकूर चौकटीत बसवण्याची कला आपल्याला नवी आहे काय? उज्जैनच्याच सिंधिया प्राच्यविद्या संस्थेत हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. जुने लेखक शब्द सलग लिहीत, त्यामुळे ओळ कोणत्याही अक्षरावर संपवता येई. टोकाला थोडी जागा उरली तर तेथे उभी रेघ ओढून काठ साधीत. अक्षर मात्र ते चेपीत नसत. आणि पंचांग! गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मराठी पंचांग शिळाछापावर छापून काढले, तेव्हापासून छापील पंचांगाचा कोठा म्हणजे चौकटीची कसोटीच. बोटाएवढ्या जागेत वार, तिथी, नक्षत्र, योग, करण आणि घटी-पळे. पंचांगकर्त्याने तेथे शब्द लहान केला. सोमवारचा ‘सो’, कृत्तिकेचा ‘कृ’. हा संक्षेप वाचकाशी आधी ठरवून केलेला असतो. जागा कमी पडली म्हणून त्या-त्या वेळी मनास येईल तसा केलेला नसतो. १९२३ साली जीर्णोद्धार झालेल्या वेधशाळेचे अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या गणितज्ञाची कोष्टके याच शिस्तीने वाचली जात.

शिशाच्या काळीही हेच होते. दहा पॉइंटांचा खिळा साडेनऊ होत नसे. मजकूर उरला तर कंपॉझिटर संपादकाकडे येई आणि ‘दोन शब्द काढा’ म्हणे. कोणते काढावयाचे ते लिहिणारा ठरवी. त्या दोन शब्दांसाठी झालेले वाद आम्ही ऐकले आहेत, आणि पुष्कळदा त्यांतून वाक्य सुधारले आहे. आपोआप आकसणाऱ्या अक्षराने हे संभाषण बंद पाडले. स्मरणिकेच्या अध्यक्षीय निवेदनात निदान दीडशे शब्द जास्त आहेत. जुन्या पद्धतीत ते वाचले नसते.

एक पान आम्हांस निर्दोष वाटले, आणि ते शेवटचे आहे. त्यावर वर्षातील उत्सवांची पंचांगवजा सारणी आहे. ती जुळवताना कोणी तरी स्वयंचलित नियम बंद केलेला दिसतो. अक्षर आठ पॉइंटांचे आणि सर्वत्र एकच. तिथी आणि वार रूढ संक्षेपांत. जेथे उत्सवाचे नाव लांबले तेथे कोठाच दोन ओळींचा केलेला आहे. दिव्याच्या उजेडात, चष्म्याने, आम्हांस ते अडखळल्याविना वाचता आले.