साथीकडून रचनेकडे : बिल ब्रुफोर्ड यांचा ‘फील्स गुड टू मी’

तालवादकाकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा ‘साथीदार’ या शब्दापाशी थांबते. लय सांभाळणे हे त्याचे काम आणि संगीताचा आशय मात्र गायकाचा किंवा सुरावट वाजविणाऱ्याचा, असे आपण गृहीत धरतो. ब्रिटिश ड्रमवादक बिल ब्रुफोर्ड यांचा ‘फील्स गुड टू मी’ (१९७८) हा पहिला स्वतंत्र अल्बम हे गृहीतक तपासण्यास भाग पाडतो. प्रस्तुत टिपणात त्याचा याच अंगाने विचार केला आहे.

ब्रुफोर्ड १९६८ ते १९७२ या काळात ‘येस’ आणि त्यानंतर १९७४ पर्यंत ‘किंग क्रिमझन’ या रॉक समूहांत होते. जॅझ-रॉक फ्यूजनची वाट तोवर रुळली होती. ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’चे ड्रमवादक बिली कॉबम यांचा ‘स्पेक्ट्रम’ १९७३ मध्येच आला होता. परंतु कॉबम जॅझकडून रॉककडे आले. ब्रुफोर्ड यांचा प्रवास उलट दिशेचा आहे. म्हणूनच त्यांच्याकडे आखीव रचनेचा आग्रह टिकून राहतो आणि उत्स्फूर्त विस्ताराला त्या चौकटीतच जागा मिळते.

‘बीलझेबब’ ही आरंभीची रचना याचे उत्तम उदाहरण आहे. मात्रांची विषम विभागणी येथे केवळ अलंकार म्हणून येत नाही; सुरावटीची वळणेच तिच्यातून घडतात. अ‍ॅलन होल्ड्सवर्थ यांची गिटार, डेव्ह स्टुअर्ट यांचे कीबोर्ड व जेफ बर्लिन यांचा बास यांना मोकळीक देताना ब्रुफोर्ड स्वतःसाठी दीर्घ एकलवादन राखून ठेवत नाहीत. ‘स्प्रिंगटाइम इन सायबेरिया’मध्ये तर केनी व्हीलर यांचे फ्लूगलहॉर्न अग्रभागी येते. आपले नेतृत्व ते वादनाच्या प्रदर्शनातून नव्हे, तर रचनेतून सिद्ध करतात.

अर्थात अल्बम निर्दोष नाही. ‘बॅक टू द बिगिनिंग’मध्ये अ‍ॅनेट पीकॉक यांचे गायन स्वतंत्रपणे प्रभावी असले तरी शब्द आणि वाद्यमेळ एकजीव होत नाहीत, गुंतागुंतीच्या लयीवर शब्द बाहेरून ठेवल्यासारखे वाटतात. ‘वन ऑफ अ काइंड’ (१९७९) या पुढील अल्बममध्ये भर वाद्यसंगीतावर आला व एकसंधता वाढली, हे लक्षणीय आहे.

ब्रुफोर्ड यांनी २०१६ मध्ये सरे विद्यापीठातून ड्रमवादकाच्या सर्जनशीलतेवरील संशोधनासाठी पीएच.डी. मिळविली. तालवादक काय निर्माण करतो, हा त्या संशोधनामागील प्रश्न या अल्बमने नादाच्या भाषेत आधीच मांडला होता. तालवादकाला केवळ साथीदार म्हणून ऐकण्याची आपली सवय किती अपुरी आहे, हे त्यातून ध्यानी येते.