चला, पुढे चला!

नाटकांवर लिहितात, सिनेमांवर लिहितात, दिवाळी अंकांवर तर पुढच्या दिवाळीपर्यंत लिहीत बसतात. पण 'गाईडसह एकदिवसीय सहल' या कलाप्रकाराकडे आपल्या समीक्षकांनी अजून ढुंकून पाहिलेलं नाही. हा अन्याय आहे. या प्रकाराला संहिता असते, नट असतो, मध्यंतर असतं, मध्यंतरात बटाटेवडा असतो. शिवाय प्रेक्षकाने तिकीट काढून नाटकाच्या मागे मागे चालायचं, ही गोष्ट आपल्या प्रायोगिकवाल्यांनाही फारशी जमलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी घारापुरीचा, म्हणजे एलिफंटा बेटाचा, प्रयोग पाहिला. (सोमवारी प्रयोग नसतो. लेण्यांना सुट्टी.) गेट वे ऑफ इंडियापासून लाँच सुटते आणि तासाभरात बेटाला लागते. हा पहिला अंक. वरच्या मजल्यावर बसायला वेगळे पैसे पडतात. ते दिले की ऊन फुकट. समोर बेटाचे दोन हिरवे डोंगर हळूहळू मोठे होत होते, आणि त्यांच्याकडे पाठ करून आमचा गाईड उभा होता. पन्नाशीचा, रापलेला, आवाज खणखणीत. माहिती मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. विनोद मात्र फक्त हिंदीत.

जेट्टीवर उतरताच एका लहान मुलाने विचारलं, "हत्ती कुठाय?"

"पुढे आहे. चला, पुढे चला!"

हे उत्तर तसं खोटं नव्हे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो पुढेच आहे. म्हणजे लाँचने परत मुंबई आणि तिथून टॅक्सीने भायखळा. १८६४ साली साहेबाला तो विलायतेला न्यायचा होता. उचलताना पडला आणि फुटला. तुकडे मुंबईत आले, पुढे १९१४ साली सांधले, आणि आता तो राणीच्या बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. इतकी सुरेख गोष्ट संहितेत नाही. संहितेत आहेत शंभरावर पायऱ्या, आणि त्यांच्या दुतर्फा टोप्या, माळा, दगडी गणपती. खरेदीला चाळीस मिनिटं. वाटेत माकडं. सबंध प्रयोगात उत्तम तालीम झालेला नटसंच म्हणजे ही माकडं. सरबताची बाटली कुणाच्या हातातून केव्हा घ्यायची, याचं टायमिंग चुकत नाही.

मग लेणं. सहाव्या शतकातलं. उन्हातून आत आलं की आधी काहीच दिसत नाही, खांब तेवढे जाणवतात. डोळे सरावले की समोरच्या भिंतीतून ते तीन चेहरे हळूहळू पुढे येतात. डोळे सरावायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ सहलीच्या वेळापत्रकात त्यांच्यासाठी आहे.

"ब्रह्मा, विष्णू, महेश! उंची वीस फूट! फोटो काढून घ्या, चला, पुढे चला!"

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. जाणकारांच्या मते हे तीन देव नव्हेतच. तिन्ही शिवच, मूर्ती सदाशिवाची. आपल्या डावीकडचा मिशीवाला उग्र चेहरा अघोराचा, उजवीकडचा कोवळा, बायकी वळणाचा वामदेवाचा, आणि मधला डोळे मिटून शांत. आता तीन की एक याने काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं असं की, तीन देव म्हटलं की मोजून होतात. एक, दोन, तीन, झालं. एकच म्हटलं तर थांबावं लागतं. हा राग आणि हे मार्दव एकाच धडावर कसं नांदतं, आणि मधला त्या दोघांना घेऊन इतका निवांत कसा, हे बघत उभं राहावं लागतं. उभं राहायला वेळ लागतो, आणि पुढे जेवण असतं. जेवणाला एक तास, सदाशिवाला सहा मिनिटं.

त्याऐवजी भर होता मोडतोडीवर. "हे हात कुणी तोडले?" पोर्तुगीजांनी! पब्लिक खूष. मूर्तीत जे शिल्लक आहे त्यापेक्षा जे नाही त्यावरच आमची तुकडी जास्त रमली. सोलापूरच्या एका काकांनी तर पोर्तुगीजांना तिथल्या तिथे शिव्या दिल्या आणि शिवपार्वतीच्या लग्नाकडे पाठ करून फोटो काढून घेतला.

त्याच लग्नाच्या शिल्पापाशी मात्र एक गंमत झाली. गाईडने माईक खाली केला. साध्या आवाजात म्हणाला, "हिच्याकडे बघा. मान बघा कशी खाली घातलीय. बाप मागनं हळूच पुढे सारतोय." एवढंच. आम्ही सगळे गप्प. मग त्याचा त्यालाच संकोच वाटला असावा, कारण लगेच "चला, पुढे चला" झालं.

जेवणाच्या रांगेत मी त्याला गाठलं.

"दादा, तुम्ही राहायला मुंबईत?"

"नाही हो. इथलाच मी. शेतबंदरचा."

बेटावर शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत, हे आम्हाला एकाही भाषेत सांगितलं गेलं नव्हतं. समोर मुंबई रात्रभर झगमगायची आणि इकडे संध्याकाळचे काही तास जनरेटर, मग अंधार. समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ साली. "पहिल्या रात्री आईने दिवा बंदच करू दिला नाही," तो म्हणाला.

"हे लाँचवर का नाही सांगत?"

"कंपनीने लिहून दिलंय त्यात नाहीय ते."

परतीच्या लाँचवर अभिप्रायाचं कार्ड वाटलं. मी लिहिलं : नट उत्तम, लेखक बदला. शेजारून ही वाकून बघत होती. म्हणाली, "अहो, आमटी गार होती, तेही लिहा."

तेही लिहिलं.